बहगतचा कान आणि खुर्चीचा पाय

आमच्या दुमयात गावात गाडीचा मागचा एक्सल ओरडायला लागला की लोक आधी गाडी विकणाऱ्याच्या बापाचा उद्धार करत आणि मग गॅरेजवाल्या उस्ता बहगतकडे जात. बहगतला कुणी मेकॅनिक म्हणत नसे. त्याला 'कान' म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, हे आता लोक विसरले होते. गॅरेजच्या पाटीवर त्यानं एक मोठा तांबडा कान रंगवून घेतला होता. पेंटरला कान काही जमत नव्हता, त्यामुळे तो लांबून सुकलेल्या जर्दाळूसारखा दिसे.

बरं, हा कान एकटा नव्हता. त्याच्या जोडीला एक काठी होती. बाकीच्या गावांत मेकॅनिक एक्सलला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात. आमचं गाव फर्निचरचं, घराघरांत रंधा चालतो, म्हणून बहगतकडे होता खुर्चीचा पाय. हातभर लांब, बाकदार, वरच्या टोकाला जुन्या सोनेरी मुलाम्याचे चार ठिपके उरलेले. तोही ऐऱ्यागैऱ्या खुर्चीचा नव्हे. कारागिरांच्या बैठकीचे म्होरके हाज अरफा ज्या सोनेरी खुर्चीवर बसत, तिचा तो जुना पाय. सहा वर्षांपूर्वी हाजांच्या वजनानं तो निखळला. बहगतचा मेहुणा नबवी जुनी फर्निचरं दुरुस्त करायचा. त्यानं खुर्चीचा सगळा जुना मुलामा खरवडून काढला, नवा चढवला, नवा पाय बसवला, आणि जुना पाय बहगतनं मागून घेतला.

"म्होरक्याच्या खुर्चीचा एक पाय तर आलाच घरात," तो बायकोला म्हणे. "उरलेले तीन यायला कितीसा उशीर?"

हा काही विनोद नव्हता. माणसाला एकेक वेड असतं, बहगतला त्या खुर्चीचं होतं. आमच्याकडे कारागिराचं भांडण कोर्टात गेलं की दोन्ही घरांची अब्रू जाते. म्हणून नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात बैठक बसते. दोन्ही बाजू चहा पितात, बोलतात, रडतात, शिव्या देतात, आणि शेवटी खुर्चीतून जो निकाल येतो तो निमूट मानतात. आता हाज अरफांचे गुडघे गेले होते. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की पुढची बैठक ही आपली शेवटची, ती उठली की खुर्ची दुसऱ्याच्या हवाली. दुसरा कोण, हे गावात कुणी विचारत नव्हतं. बहगत तर आरशासमोर बसून निकाल द्यायचा सराव करत होता.

आणि नेमकी ती पुढची बैठक बसली एका एक्सलवरून.

त्याचं असं झालं. फिक्री सुताराच्या पिकअपचा मागचा एक्सल रास-अल-बरच्या रस्त्यावर मोडला. मागे सहा कपाटं लादलेली, त्यात खड्डा. हाऊसिंग वाकलं, शाफ्ट तुटला. फिक्रीच्या मुलीचं, शैमाचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. आमच्याकडे नवरीचं फर्निचर गुरुवारी गाडीवर चढवून, ढोल वाजवत, गल्लीगल्लीतून नवऱ्याच्या घरी नेतात. सुताराच्या मुलीचं फर्निचर भाड्याच्या गाडीतून गेलं तर लोक काय म्हणतील? फिक्री धावत बहगतकडे आला. बहगत त्याला भंगारवाल्या दहशानच्या आवारात घेऊन गेला.

दहशान लबाड होता. पण हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याच्याकडून सहसा कुणी फसत नसे. त्यानं एक एक्सल दाखवला. बहगतनं खुर्चीचा पाय काढला, एक टोक एक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दातेरी चाकांच्या डब्याच्या, पोटाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून हातानं शाफ्ट फिरवायला सांगितला. आवारातली माणसं श्वास रोखून उभी. बहगतनं डोळे उघडायला मुद्दाम वेळ लावला.

"रेशीम," तो म्हणाला. "घे डोळे झाकून."

फिक्रीनं घेतला. बहगतनं स्वतःच्या हातानं तो बसवला, स्प्रिंगचे पाटे आवळले, शाफ्ट जोडला. दहा दिवस गाडी खरंच रेशमासारखी चालली. अकराव्या दिवशी साठच्या वेगाला मागून बारीक हुंकार आला. बाराव्या दिवशी त्याचा सूर झाला आणि पंधराव्या दिवशी तर गाडी अशी विव्हळायला लागली की वस्तीतली कुत्री तिला उत्तर द्यायला लागली.

आता खरी गंमत. बहगत पिकअपच्या हौद्यात पालथा पडून, खुर्चीचा पाय फळीला टेकवून, नदीकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "टायर."

टायर बदलले. आवाज तसाच. मग म्हणाला, चाकाची बेअरिंग. तीही बदलली. मग म्हणाला, प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. फिक्री बिचारा मान डोलवत राहिला. पण फिक्रीची बायको इन्शिराह मान डोलवणाऱ्यातली नव्हती. रोज माल पोहोचवायला तीच नवऱ्याशेजारी बसे, आणि गावातली अर्धी गिऱ्हाइकं फिक्रीला कमी आणि तिला जास्त घाबरत.

"उस्ता," ती म्हणाली, "एक विचारू? टायरचा आवाज असता तर रस्ता बदलला की बदलला असता ना? हा नव्या डांबरावर तसाच, खडीवरही तसाच. बेअरिंग असती तर वळणावर कमी-जास्त झाला असता. हा वळणालाही तसाच. ह्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दिला की रडतं, पाय काढला की गप्प. म्हणजे दुखणं दातांत आहे. डिफरन्शियलमधल्या क्राऊन आणि पिनियनच्या दातांत."

बहगत हसला. मोठी माणसं लहानांपुढे हसतात तसा.

"शैमाच्या आई, हे कानाचं काम आहे. जिभेचं नाही."

"मग तुमच्या कानाला सांगा की आवाज तिकडून येतोय," ती म्हणाली आणि ओढणी सावरून निघून गेली.

तिचं बरोबर होतं, हे बहगतला दुसऱ्याच चकरेत कळलं होतं. कान काही अगदीच बहिरा नव्हता. पण डिफरन्शियल म्हटलं की प्रश्न येणार, 'रेशीम' कोण म्हणालं होतं? म्हणून तो तीन आठवडे गाडीच्या चारी बाजूंना दोष शोधत फिरला आणि मधोमध मात्र गेला नाही. शेवटी गुरुवार आठवड्यावर आला, तेव्हा फिक्रीनं हात टेकले आणि बैठक मागितली.

मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर बैठक बसली. कॉफीच्या दुकानापुढे पिकअप लाकडी घोड्यांवर चढवून ठेवलेली, मागची चाकं अधांतरी. हाज अरफा सोनेरी खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. एका बाजूला फिक्री आणि इन्शिराह, दुसऱ्या बाजूला दहशान. बहगत खुर्चीच्या अगदी लगत बसला होता, जणू आत्ताच जागा धरून ठेवायची होती.

दहशाननं सरळ तोफ डागली. "माल चांगला होता. कानानंच रेशीम म्हटलं, दहा जणांनी ऐकलंय. बिघडला असेल तर बसवताना बिघडला. तेल कमी घातलं असेल, पिनियन जास्त आवळला असेल. बसवणाराला विचारा."

बैठकीत कुजबुज झाली. आजच्या दिवशी, खुर्चीपासून हातभरावर असताना, बहगतच्या हाताला नाव ठेवायचं म्हणजे काय?

"तू हा एक्सल आणलास कुठून?" हाजांनी दहशानला विचारलं.

"कफ्र साद गावातून. अबू सरीच्या आवारातून. तुतीच्या झाडाखाली सहा वर्षं नुसता पडून होता, कुणी गाडीला लावलाच नव्हता. म्हणूनच तर घेतला."

ज्याच्या कानाचं पाटीवर चित्र काढलेलं, त्या बहगतला हे वाक्य ऐकू आलं नाही. तो तेव्हा आपलं भाषण जुळवत होता. हाजांनी मान हलवताच तो उठला.

"हाज, भाऊबंद हो, माझ्या हाताबद्दल शंका आहे ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला? आत्ता, इथं, सगळ्यांसमोर झाकण उघडतो. पिनियन मी जास्त आवळला असेल तर हा तांबडा कान मी स्वतःच्या हातानं पुसतो. पण आत दुसरंच काही निघालं, तर?" तो दहशानकडे वळला. "हे भंगारवाले काय काय करतात ते मला ठाऊक आहे. रडका डिफरन्शियल घ्यायचा, ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवायचा आणि दातांत ठासून भरायचा. हातानं फिरवला तर गप्प. दहा दिवस गप्प. मग गरिबाच्या गळ्यात धोंड. असलं काम करणाऱ्याला, हाज, नुसतं झापून चालणार नाही."

"मग काय करावं म्हणतोस?" हाजांनी विचारलं.

ह्या प्रश्नासाठी तर बहगत सहा वर्षं आरशासमोर बसला होता. त्यानं खुर्चीचा पाय छातीशी धरला.

"गुरुवारी शैमाच्या फर्निचरची वरात निघेल. भुसा भरणाऱ्यानं नवा क्राऊन-पिनियन आपल्या पदरचा घालून एक्सल दुरुस्त करून द्यावा. आणि वरातीत गाडीच्या मागच्या फळीवर बसावं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ढोल थांबतील, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं ओरडून सांगावं की एक्सलमध्ये भुसा भरणारा तो मीच. पुन्हा ह्या गावात कुणाची छाती होणार नाही."

लोकांना हे फारच आवडलं. आपल्याकडे शिक्षा दुसऱ्याला असली की तिची गोडी मशब्बक मिठाईलाही येत नाही. हाजांनी दहशानकडे पाहिलं. दहशान म्हणाला, "मी भरला असेल तर मला मान्य." फिक्रीनं मान्य केलं. हाजांनी बहगतला विचारलं, "तुलाही मान्य?"

"शिक्षा मीच सुचवली, हाज."

"तरी तोंडानं म्हण."

"मान्य," बहगत म्हणाला.

तो गाडीखाली शिरला. तेल सोडलं. काळं, जाड, कुजकट वासाचं तेल थाळीत आलं, आणि ते गुळगुळीत नव्हतं. दहा बोल्ट काढून झाकण सैल केलं, तशी आतून लापशीसारखी चिकट राड थाळीत थपकन पडली. बहगतनं मूठभर उचलली, बाहेर आला आणि हात वर केला.

"भुसा," तो म्हणाला. "बघा. डोळे भरून बघा."

एकच गलका झाला. दहशानचा चेहरा पडला. तो शपथेवर शपथ घेऊ लागला, आणि त्याच्या शपथांवर कोण विश्वास ठेवतो? एकजण तर आत्ताच त्याला गाडीच्या फळीवर बसवून बघावं म्हणाला. बहगत शांतपणे हात पुसत उभा राहिला. हाज अरफा शालीची घडी करायला लागले होते. ते खुर्चीतून उठायच्या तयारीत आहेत, हे बहगतनं ओळखलं आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

फिक्री मात्र थाळीपाशी उकिडवा बसला होता. त्याला एक्सलमधलं काही कळत नव्हतं. पण भुसा समोर आला की सुताराचा हात आपोआप पुढे होतो. त्यानं चिमूटभर राड घेतली, रॉकेलच्या वाटीत धुतली, तळहातावर पसरली आणि उन्हात धरली.

"हे पिवळं काय चमकतंय?"

"पितळ," बहगत म्हणाला. "कुठलं तरी बुश झिजलं असणार."

"पितळ नाही हे, उस्ता. वर्ख आहे. सोन्याचा. आणि मागून बघ, तांबडी माती." फिक्री स्वतःशीच बोलावं तसं बोलत होता. "आता कोण वर्खाखाली तांबडी माती लावतं? सगळे रंग फासतात. हा जुना मुलामा आहे. कुणीतरी जुनं काम खरवडलं, त्याचा हा भुसा."

मग त्यानं मान वर केली. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. सुतार माणूस, दोन तुकडे जुळतात का ते बघायची त्याला खोड.

"उस्ता, तुझी काठी दे जरा."

आणि तेव्हा बहगतला 'कफ्र साद' ऐकू आलं. बोलून अर्धा तास होऊन गेल्यावर.

सहा वर्षांपूर्वीचा तो शनिवार. नबवीच्या दुकानातून दर शनिवारी भुशाचं पोतं यायचं, गॅरेजच्या फरशीवर सांडलेलं तेल टिपायला. कोपऱ्यात एक रडका एक्सल पडला होता आणि दारात कफ्र सादचा अबू सरी घाईत उभा होता. भुसा भरून त्याला विकायचा, एका दुपारचं काम. गाव लांबचं. त्यानंतर बहगतनं कधी तसं केलं नव्हतं, म्हणूनच तर तो स्वतःला इमानदार समजत होता. आणि त्याच हातानं भरलेल्या भुशाला त्याच कानानं रेशीम म्हटलं होतं.

"काठी," इन्शिराह म्हणाली. "ह्यांनी काठी मागितली, उस्ता. ऐकू आलं ना?"

त्यानं काठी दिली. न देऊन काय करतो? फिक्रीनं वरच्या टोकावरचा सोनेरी ठिपका नखानं उकरला. खालून तांबडी माती निघाली. त्यानं तो कण तळहातावरच्या कणांशेजारी ठेवला आणि तळहात हाजांपुढे धरला. हाजांनी चष्मा लावला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी हळूच बसल्या खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली.

"माझ्या खुर्चीचा मुलामा हा," ते म्हणाले. "नबवीनं खरवडला होता. त्याच्या दुकानातला भुसा कुणाकडे जायचा, बहगत?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं कुणाकडे जायचा. तरी बहगतनं उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"नबवीचं काय सांगावं, हाज," तो म्हणाला. "माझा मेहुणा आहे, पण... आता तो इस्कंदरियात आहे. त्याच्या दुकानात कोण कोण यायचं. त्यानंच कुणाला तरी..."

"नबवीला एकच हात आहे," हाज म्हणाले. "लहानपणी करवतीत गेला दुसरा. एका हातानं एक्सल उघडला त्यानं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दहशान, ज्याला आयुष्यात कुणी खरं बोलताना पाहिलं नव्हतं, तो मान खाली घालून चहा ढवळत होता, आणि त्याला बहगतची कीव आली होती. बहगतला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे.

"माझा," तो म्हणाला. "भुसा माझा."

हाजांनी शालीची घडी उलगडली आणि पुन्हा गुडघ्यांवर पसरली. "माझे गुडघे अजून वर्षभर तग धरतील," ते म्हणाले. "निकाल बहगतनं दिलाच आहे. चांगला दिलाय, मला काही बदलायचं नाही. आणि तो पाय राहू दे इथंच. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला टेकू होईल."

बुधवारचा अख्खा दिवस बहगत गाडीखाली होता. नवा क्राऊन, नवा पिनियन. दातांना रंग लावून ठसा बघायचा, वॉशर बदलायचा, पुन्हा ठसा बघायचा. सहा वेळा खोललं, सहा वेळा बसवलं. काठी नव्हती, त्यामुळे ऐकायचं काही उरलंच नव्हतं, नुसतं बघून आणि मोजून करायचं होतं. संध्याकाळी इन्शिराह स्वतः गाडी घेऊन रास-अल-बरच्या रस्त्याला गेली. ऐंशीपर्यंत नेली, पाय दिला, पाय काढला. परत आली आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी केली.

"उस्ता," ती म्हणाली, "हेच आधी केलं असतंत तर?"

गुरुवारी वरात निघाली. पिकअपवर शैमाचा पलंग, आरसा, सहा सोनेरी खुर्च्या, आणि मागच्या फळीवर पाय लोंबकळत सोडून बहगत. पुढे ढोल आणि सनई, बाजूनं बायका. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी ढोल थांबले. खिडक्यांतून माणसं डोकावली. बहगत काहीतरी पुटपुटला. त्याला वाटलं होतं, गाडीच्या आवाजात निभावून जाईल.

इन्शिराहनं पुढच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जरा मोठ्यानं, उस्ता," ती म्हणाली. "गाडी चालू आहे, पण ती आता काही बोलत नाही. तुम्हीच गप्प केलीत ना तिला?"

खरंच, एक्सलमधून चकार शब्द येत नव्हता. इतकं चोख काम बहगतच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याचं वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू गेलं. पुढे अजून एकोणीस गल्ल्या होत्या.